दामूकाकांचा बाप्पा आणि आठ पायांची चिप

"मॅडम, मेकॅनिक कधी येतील?"

पेणच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. इतकी वर्षं झाली, तरी नवं गिऱ्हाईक उंबऱ्यात उभं राहून हाच प्रश्न विचारतं. मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली न ठेवता सांगते, "आलेत. बसा." मग ते गृहस्थ बसतात, आतल्या दाराकडे बघत राहतात आणि मी त्यांच्यासमोर त्यांच्याच मशीनचं पोट उघडते. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात येतं. काही ओशाळतात, काही "मग नंतर येतो" म्हणून उठतात. नंतर येतातही, कारण मेलेला जुना बोर्ड उठवून बसवणारं दुसरं कोणी जवळपास नाही. हे मी गर्वाने सांगते आहे. इतकी वर्षं धूळ खाऊन एवढं कमावलंय, ते लाजून लपवायचं कशाला?

संपादकांनी अनुभव लिहा म्हटलं. सुरुवात कशी झाली, घरचे काय म्हणाले, हे मी वगळते. ते सगळ्यांचं थोड्याफार फरकाने सारखंच असतं. एवढं सांगते की, दुकानाआधी मी रोह्याला एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात होते. तिथे दर काही वर्षांनी वरून हुकूम यायचा आणि चांगली चालती मशीनं टेम्पोत भरून भंगारात जायची. खाली उतरवून नेणाऱ्या पोरांना मी "सावकाश, आपटू नका" म्हणून ओरडायचे आणि ती हसायची. भंगारातच तर चाललंय, मॅडम! त्या बोर्डांची मला आजही हळहळ वाटते. नोकरी सोडली तेव्हा मनाशी एकच गोष्ट पक्की होती, की आपल्या हाताखालून चालतं मशीन भंगारात जाऊ द्यायचं नाही.

आता थोडं धंद्याबद्दल. त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही.

कॉम्प्युटरचं बटण दाबलं की विंडोज यायच्या आधी काळ्या पडद्यावर क्षणभर कंपनीचं चिन्ह चमकतं. तेवढ्या वेळात एक छोटा प्रोग्राम मशीनमध्ये काय काय जोडलंय ते तपासून घेतो. त्याला बायोस म्हणतात. तो राहतो बोर्डावरच्या नखाएवढ्या चिपमध्ये, जिला आठ पाय असतात. माझ्या रोह्याच्या कंपनीत गेटवर एक वॉचमन होता. हातात यादी. यादीत नाव नसलं तर साहेबांचा जावई आला तरी बाहेर उभा. बायोस तसाच. त्याच्या यादीत जे प्रोसेसर, म्हणजे मशीनचे मेंदू, आहेत त्यांनाच तो ओळखतो. त्याच खाचेत नीट बसणारा, पण पुढच्या पिढीचा दमदार प्रोसेसर लावलात, तर पंखा फिरतो आणि पडदा मात्र काळाच राहतो. बोर्ड बनवणाऱ्या कंपनीने नवी यादी काढली तर प्रश्नच नाही. पण त्यांना नवीन बोर्ड विकायचे असतात, मग जुन्याची यादी कोण काढणार?

मग ती आम्ही काढतो. चिपमधलं सगळं उतरवून घ्यायचं, त्यात नव्या प्रोसेसरची ओळख घालायची आणि ते पुन्हा चिपमध्ये लिहायचं. याला बायोस फ्लॅश करणं म्हणतात. ऐकायला सोपं आहे. पण लिहिताना आधीचं पुसलं जातं, त्यामुळे मध्येच वीज गेली तर चिपमध्ये अर्धं जुनं, अर्धं नवं, म्हणजे काहीच नाही. मशीनला जागं कसं व्हायचं हेच आठवत नाही. बोर्ड डेड.

यातला माझा पहिला धडा रोह्याच्या सुर्व्यांच्या मशीनवर झाला. सुर्वे लग्नाचे व्हिडिओ बनवायचे. त्यांच्या बोर्डासाठी कोणीतरी तयार करून ठेवलेली सुधारित फाइल मला नेटवर मिळाली, ती घातली. नवा प्रोसेसर पहिल्या झटक्यात चालू! मी दोन्ही हात वर करून नाचायचीच बाकी होते. सुर्वे पडद्याकडे बघून म्हणाले, "सुरू होताना निळा गरुड यायचा. तो कुठाय?"

"गरुडाला काय करायचंय? मशीन बघा कसं पळतंय."

"नाय मॅडम, गरुड पायजे. तो शकुनाचा हाय."

मी कपाळावर हात मारला. पण गरुडासोबत आणखी एक गोष्ट गेली होती. प्रत्येक बोर्डाचा स्वतःचा एक नंबर त्या चिपमध्ये असतो आणि काही सॉफ्टवेअरं तो नंबर बघूनच उघडतात. दुसऱ्याची फाइल घातल्यामुळे सुर्व्यांच्या मशीनला दुसऱ्याचा नंबर मिळाला आणि त्यांचं एडिटिंगचं सॉफ्टवेअर "तुम्ही कोण?" विचारायला लागलं. नशिबाने त्यांच्या चिपमधलं मूळ सगळं मी आधी उतरवून ठेवलं होतं. त्यातच नवी ओळख घातली आणि पुन्हा लिहिलं. प्रोसेसर चालला, नंबर परत आला, गरुडही आला. सुर्वे खूश झाले ते गरुडामुळे. तेव्हापासून माझा नियम आहे, की दुसऱ्याची तयार फाइल घ्यायची नाही. ज्या मशीनचं आहे त्याच्याच पोटातलं काढायचं, तेच सुधारायचं.

आता पेणजवळच्या हमरापूरची गोष्ट.

शिमगा उलटून गेला होता. म्हणजे हमरापुरातल्या गणपतीच्या कारखान्यांमध्ये नव्या साच्यांची घाई. एका दुपारी तिथल्याच एका कारखान्यातली सरिता दुकानात आली. तिने मात्र मेकॅनिक कुठेत असं विचारलं नाही, सरळ स्टुलावर बसली आणि म्हणाली, "ताई, आमच्या सासऱ्यांनी जेवण सोडलंय."

तिचे सासरे म्हणजे दामूकाका. मूर्तिकार. त्यांच्या हातचे डोळे ओळखणारे लोक मुंबईपर्यंत आहेत. मोठी मूर्ती शिडीवर चढून घडवायची त्यांची पद्धत; पण गुडघे गेले, हात वर धरला की थरथरायला लागला. शिडी सुटली. मग सरिताने घरात एक कोरायचं मशीन आणलं होतं. काकांनी मांडीवर घेऊन हातभर उंचीची शाडूची मूर्ती करायची, पनवेलला नेऊन तिची सगळ्या बाजूंनी कॉम्प्युटरमध्ये नक्कल उतरवायची आणि मशीनने कडक फोममधून ती पुरुषभर उंचीची कोरायची. त्यावर मातीचा हात फिरवला की साचा काढायला मूळ मूर्ती तयार.

"मग अडलं कुठे?" मी विचारलं.

"कॉम्प्युटर जुना. पूर्ण फाइल घेतली की लटकतो. मग पनवेलवाल्याने फाइल हलकी करून दिली, त्यातली बारीक बारीक वळणं काढून. ती चालली. मूर्ती कोरून झाली, आणि बाबांनी चेहरा बघितला." तिने मोबाइल पुढे केला.

मला मूर्तीतलं फार कळत नाही. पण एका बाजूला काकांची छोटी मूर्ती होती आणि एका बाजूला ती मोठी. छोट्या मूर्तीच्या पापणीखाली एक बारीक घडी होती, जणू आत्ताच हसू दाबलंय. मोठ्या मूर्तीत ती घडी नव्हती. चेहरा वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झाला होता.

"बाबा म्हणाले, हा माझा नाय. फोडून टाका. पुढं म्हणाले, माझा हात गेला, आता माझा गणपतीपण गेला. तेव्हापासून पानावर बसतात नि उठतात."

"नवा कॉम्प्युटर घे."

"तेच तर! कोरायचं मशीन ज्यावर चालतं ते कार्ड नव्या बोर्डात बसत नाय. ज्यांनी मशीन विकलं त्यांनी दुकान बंद केलं. आणि सॉफ्टवेअर याच कॉम्प्युटरच्या नंबरावर चालतं. दुसऱ्यावर उघडतच नाय."

मी मनात हसले. सुर्व्यांचा गरुड आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हमरापूरला गेले. कारखाना म्हणजे घराला लागून पत्र्याची लांब शेड; दोन्ही बाजूंना कच्च्या मूर्तींच्या रांगा, मध्ये ते मशीन आणि कोपऱ्यात प्लॅस्टिकचा कागद पांघरलेला कॉम्प्युटर. दामूकाका भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या शेजारी काकी, त्यांची बायको, मूर्तींसाठी छोटे छोटे मोदक वळत होत्या, मातीचे. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरखाली यूपीएस होता, म्हणजे वीज गेल्यावर थोडा वेळ मशीन जिवंत ठेवणारा बॅटरीचा डबा.

मी कॉम्प्युटर उघडून पाहिला. बोर्ड ठणठणीत. त्यातला प्रोसेसर मात्र बिचारा अगदी हलका. त्याच पिढीतले दांडगे प्रोसेसर आता बाजारात मिळतात ते सगळे वापरून वापरून थकलेले. पुढच्या पिढीचा एक चांगला हाताशी होता. खाच तीच. फक्त वॉचमनच्या यादीत त्याचं नाव नव्हतं आणि या बोर्डाच्या कंपनीने नवी यादी कधी काढलीच नाही.

मी सरिताला धोका स्पष्ट सांगितला. "बिघडलं तर हा बोर्ड जाईल. बोर्ड गेला तर कार्ड, सॉफ्टवेअर, कोरायचं मशीन, सगळं बसलं. यंदाचा हंगामही."

भिंतीकडून आवाज आला, "काय करनार हाय ती?"

मी काकांसमोर जाऊन बसले आणि त्यांना समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. आतल्या चिपमध्ये जे लिहिलंय ते पुसायचं, थोडं बदलून परत लिहायचं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "मूळ मूर्तीला हात लावायच्या आधी साचा काढतेस का?"

"म्हणजे?"

"आमच्यात मूळ मूर्तीवर सुरी चालवायची तर आधी तिचा साचा काढून ठेवायचा. मंग ती फुटली तरी ती गेली नाय. माझ्या बापानं हात मोडायची धमकी दिलेली, बिनसाच्याची सुरी लावलीस तर."

मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. इतकी वर्षं मी शिकाऊ मुलांना, गिऱ्हाइकांना हेच सांगत आले होते आणि ते जांभया देत होते. "काढते काका. आधी तेच करते."

"मंग कर."

चिपमधलं सगळं माझ्या लॅपटॉपवर उतरवलं. पुन्हा एकदा उतरवलं आणि दोन्ही ताडून पाहिलं. मग त्याच्याच एका नकलेत नव्या प्रोसेसरची ओळख घातली. जुना प्रोसेसर अजून जागेवरच होता, कारण यादी बदलेपर्यंत वॉचमन त्यालाच आत सोडतो. त्याच कॉम्प्युटरवरून लिहिणं सुरू केलं. पडद्यावर पट्टी पुढे सरकायला लागली.

पट्टी मध्यावर आली नि वीज गेली.

मी हलले नाही. यूपीएस होता. तो नेहमीप्रमाणे टूं टूं ओरडायला लागला, पडदा चालू होता, पट्टी सरकत होती. मी म्हटलं, "काळजी नको, बॅटरीवर..."

तेवढ्यात पडदा काळा झाला.

मी खाली वाकून बघितलं. काकी यूपीएसपाशी उकिडव्या बसलेल्या, मातीने भरलेलं बोट बटणावर. चेहऱ्यावर वेळेवर काम केल्याचं समाधान.

"काकीऽऽ!" माझा आवाज पत्र्याला जाऊन लागला असेल. "बंद कशाला केलात?"

काकी दचकल्या, पण हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. "माझ्यावर कशाला वरडतेस गो? वरडत व्हता तो डबा! सरितानंच सांगलाय घरात सगल्यांना, डबा वरडला की पयला बटन दाबायचा. दाबला."

आणि ते खरं होतं. मागे एकदा वीज येऊन-जाऊन, कॉम्प्युटर मात्र बॅटरीवर चालूच राहून, कोरायच्या मशीनचं पातं एका तयार चेहऱ्यात घुसलं होतं. तेव्हापासून सरिताने घरातल्या प्रत्येकाला शिकवलं होतं, की डबा ओरडला की जो जवळ असेल त्याने बटण दाबायचं. या घराची शिस्त अशी की कोणी विसरलं नव्हतं. फक्त आज ती शिस्त मोडायची आहे हे काकींना सांगायचं कोणाला सुचलं नाही. सरिता तोंडावर हात धरून उभी होती.

"म्हंजे मी मारला काय त्याला?" काकींचा आवाज एकदम बारीक झाला. त्यांनी बोट मागे घेतलं, पदराला पुसलं. मला स्वतःचीच लाज वाटली. सासूला सुनेसमोर ओरडणारी मी कोण?

वीज अजून आलेली नव्हती. आली असती तरी त्या बोर्डाला जाग येणार नव्हती. काका भिंतीला हात लावत उठले, माझ्यापाशी आले.

"साचा काढलायस ना?"

"काढलाय काका."

"मंग मूळ फुटली तर बिघडला काय? दुसरी काढ." आणि बायकोकडे वळून म्हणाले, "रडतेस काय, चाय ठेव."

अगदी बरोबर होतं त्यांचं. मी उगाच गडबडले होते. माझ्या पिशवीत एक छोटं यंत्र असतं, ज्यात चिप बसवून थेट लॅपटॉपवरून लिहिता येतं. मी ते शक्यतो वापरत नाही, कारण त्यासाठी चिप बोर्डावरच्या तिच्या खाचेतून उपटावी लागते आणि जुन्या चिपचे पाय वाळल्या काडीसारखे मोडतात. एक पाय मोडला की संपलं. पण आता दुसरा रस्ता नव्हता.

मी चिमटा घेतला. चिपच्या एका टोकाखाली किंचित उचललं, मग दुसऱ्या टोकाखाली, पुन्हा पहिल्या. काका माझ्या खांद्यावरून बघत होते. "घाई करू नको. साच्यातून मूर्ती काढतात तसा. ओढायचा नाय, सुटू द्यायचा." मी ओढलं नाही. सुटू दिलं. आठही पाय शाबूत.

चिप यंत्रात बसवली. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू होता, त्यामुळे वीज असो नसो, मला फरक नव्हता. आता मूळ फाइल परत घालून जिथे होतो तिथे येणं हा सावध रस्ता होता. पण मी सुधारित फाइलच लिहिली. मूळ साचा हातात आहे म्हटल्यावर घाबरायचं कशाला? लिहून झालं, ताडून झालं, चिप परत बोर्डावर. मग जुना प्रोसेसर काढून नवा बसवला. काकींनी चहा आणला आणि माझ्या हातात कप देताना यूपीएसपासून चांगल्या चार हात लांब उभ्या राहिल्या.

चहा संपता संपता वीज आली. मी बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला. पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. सरिता "गेलं" म्हणाली. मी म्हटलं, "थांब. नवा माणूस घरात आलाय, ओळख करून घेतंय." तिसऱ्यांदा पंखा फिरला आणि फिरतच राहिला, आणि काळ्या पडद्यावर नव्या प्रोसेसरचं नाव आलं, पूर्ण, अक्षर न् अक्षर.

मी टाळ्या वाजवल्या. एकटीने. मग काकींनी वाजवल्या, कशाबद्दल ते न कळता.

सरिताचा खरा जीव सॉफ्टवेअरमध्ये अडकला होता. तिने ते उघडलं. उघडलं! काही विचारलं नाही, कुरकूर नाही. बोर्डाचा नंबर जसाच्या तसा होता, त्याच्या स्वतःच्या पोटातला. मग तिने पनवेलहून आणलेली पूर्ण फाइल घेतली, वळणं न काढलेली, ज्यावर हा कॉम्प्युटर दरवेळी लटकायचा. आम्ही तिघी पडद्याला नाक लावून बसलो. हिशोब चालला, चालला, आणि पातं कुठून कसं फिरायचं त्याच्या निळ्या रेषा एकेक करून पडद्यावर उमटल्या. पापणीखालच्या घडीपाशी तर रेषांची नुसती दाटी झाली होती.

मोठा चेहरा कोरून व्हायला काही दिवस लागणार होते, म्हणून मी पेणला परतले. पण दुकानात लक्ष लागेना. तसं माझं काम झालं होतं, मशीन चालू म्हणजे माझा विजय झाला होता. तरी मनात येत होतं, पूर्ण फाइल घेऊनही काका पुन्हा "नाय" म्हणाले तर? मग प्रोसेसर, चिप, सगळ्याला काय अर्थ? शेवटी सरिताचा फोन आला. "ताई, शेवटचा हात फिरतोय. या." मी दुकानाला कुलूप लावलं. शटरपाशी एक गृहस्थ उभे होते. "मेकॅनिक आहेत का?" "हमरापूरला गेलेत," म्हटलं नि रिक्षा पकडली.

शेडमध्ये फोमचा भुगा पायाखाली दाट पडला होता. मशीन थांबलं. सरिताने ब्रशने चेहऱ्यावरचा भुगा झाडला. काका खुर्ची सरकवून समोर बसले आणि बघत राहिले. काकींनी माझा हात धरला होता, घट्ट.

काका उठले. हात वर नेला. तो थरथरत होता. अंगठा डाव्या पापणीखालच्या घडीवर टेकवला आणि थरथर थांबली. त्यांच्या अंगठ्याने मांडीवर बसून शाडूत काढलेलं ते वळण आता हाताच्या पंजाएवढं मोठं होऊन त्यांच्यासमोर होतं. त्यांनी अंगठा घडीवरून शेवटपर्यंत नेला, सोंडेच्या मुळापाशी आणला, तिथून गालावर. कुठेच अडकला नाही.

"माझा हाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाले, "माझाच हाय गो हा!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि माझ्याही. मी पुसायच्या भानगडीत पडले नाही.

काका मात्र लगेच भानावर आले. सरिता चेहऱ्याचे फोटो काढत होती, तिच्यावर कडाडले.

"फोटू काय काढतेस? साचा काढ आधी! आणि हिला जेवून जाऊ दे. पानं वाढा. मलापन भूक लागलीय."